जेट्टीवरचं घड्याळ

माझ्या घड्याळाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. दांडी गावच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत मी एकतीस वर्षं कारकून आहे आणि एकतीस वर्षांत माझ्या हातची एक नोंद खोटी निघालेली नाही. काही लोक घरातलं घड्याळ दहा-दहा मिनिटं पुढे करून ठेवतात ना, गाडी चुकू नये म्हणून, ती माणसं मला मुळीच आवडत नाहीत. जो स्वतःच्या भिंतीला फसवतो तो दुसऱ्याला काय सोडणार? आमच्या पाम गावच्या घरातलं घड्याळ कायम बरोबर, आणि मनगटावरचं त्याच्याशी जुळवलेलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं वेळेवरूनच झालं.

आमच्या कामाची पद्धत अशी. खाडीत भरतीचं पाणी चढल्याशिवाय बोट आत शिरत नाही. त्यामुळे येतात तेव्हा सगळ्या लागोपाठच येतात, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं. बोट लागली की एक खलाशी उतरून चिठ्ठी घेतो. चिठ्ठीवर बोटीचं नाव आणि लागल्याची वेळ. त्या वेळेप्रमाणे बर्फाच्या फॅक्टरीत नंबर लागतो. ज्याची वेळ आधीची त्याला बर्फ आधी. शेवटच्याला अर्धा दिवससुद्धा थांबावं लागतं, आणि तोवर मासळी ऊन खात पडते. चिठ्ठ्या देणाऱ्या आम्ही दोघी. जुन्या धक्क्यावर ऑफिस आहे, तिथल्या खिडकीत मी. तिथून अर्ध्या किलोमीटरवर नवी जेट्टी झाली, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दीपिका. मी मनगटावर बघून हातानं वेळ लिहिते. दीपिकाच्या शेडमधलं भिंतीवरचं घड्याळ खाऱ्या हवेनं गंजून बंद पडलं, तेव्हापासून ती कॉम्प्युटरवर बघते.

आता तो कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातून हाकललेला डबा. त्याच्यात विंडोज चालेना म्हणून माळ्यावर टाकला होता. दीपिकानं बोईसरला कोर्स केलाय, तिनं तो खाली उतरवला, पुसला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. चित्रं नाहीत, माउस नाही, नुसता काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. पोरगी चोवीस वर्षांची, कोळ्याघरची, हसरी. मला काकी म्हणते. पण तिच्या सख्ख्या भावाची, नीलेशची, बोट लागते कुठे? नव्या जेट्टीलाच. हे मी पहिल्या दिवसापासून मनात नोंदून ठेवलं होतं.

गणपती उठले आणि तक्रारी सुरू झाल्या. पहिला आला देवू नाखवा. त्याची बोट माझ्या धक्क्याला लागते. माणूस शांत, साठीचा, उगाच भांडणारा नाही.

"ताई, आज आमी आधी शिरलो खाडीत," तो खिडकीत वाकून म्हणाला. "नीलेश आमच्या मागं होता, मी डोल्यानं बगितला. मंग बर्फाला त्याचा नंबर आधी कसा?"

"चिठ्ठीवर वेळ काय आहे?"

"वेळ आमी कशाला बगू? आमाला पाणी समजतं. पन आधी आमीच होतो."

मी त्याला समजावून परत पाठवलं. दोन दिवसांनी दुसरा आला, मग तिसरा. सगळे माझ्या धक्क्याचे, आणि सगळ्यांचं एकच रडगाणं, की जेट्टीवाले मागून येऊन पुढे जातात. पंधरा दिवसांत कुजबूज अशी झाली की विजयाताई, म्हणजे मी, मुद्दाम पुढची वेळ लिहिते. कोळणी बाजारात माझ्याशी बोलताना नजर चुकवायला लागल्या. मी पामची, वाडीवाल्यांची, त्यांच्यातली नाही. एकतीस वर्षं कुणाला ते आठवलं नव्हतं, आता आठवलं.

मग चेअरमननी बोलावून घेतलं. "ताई, तुमचे आठ महिने राहिलेत रिटायर व्हायला," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण शनिवारी कमिटीपुढे विषय घ्यावा लागेल. तक्रार खरी ठरली तर चिठ्ठीबुक तुमच्याकडे ठेवता यायचं नाही."

मला रडू आलं नाही, राग आला. आठ महिन्यांनी हार-नारळ घेऊन जायचं ते आता चोर म्हणून जायचं? मी त्या संध्याकाळी रिक्षात बसून सगळा हिशोब मनाशी मांडला. माझं घड्याळ बरोबर आहे. तरी नंबर चुकतोय. मग चूक कुठे आहे ते दुसरीतल्या पोरालाही कळेल. आणि तक्रारी कधी सुरू झाल्या? दीपिकानं त्या डब्यात घड्याळ घातलं त्याच आठवड्यात. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं.

तसं बघाल तर हल्ली सगळीकडेच ढिलाई आली आहे. पुंजारामची शेअर रिक्षा सकाळी आठ दहाला पामच्या फाट्यावर यायची, ती आता आठ वीसला येते. मी मात्र वेळेवर पोचते आणि दगडावर बसून गुडघा चोळत त्याची वाट बघते. श्रावणात ह्याच रिक्षाच्या मागे धावताना मी रस्त्यात उपडी पडले होते, दहा दिवस गुडघा भोपळ्याएवढा होता, तेव्हापासून धावणं बंद. पुंजारामला मी दोनदा झापलं. तो डोंगराकडच्या गावचा, कमी बोलणारा माणूस. "ताई, मी तर टायमावरच येतो," एवढंच म्हणतो. टीव्हीवाल्यांचंही तेच, सातच्या बातम्या सात दहाला लावतात. कुणाला कशाची लाज राहिलेली नाही.

बुधवारी दुपारी ओहोटी होती, बोट येण्याचा सवाल नव्हता. मी खिडकी लावली आणि हळूहळू चालत जेट्टीवर गेले.

शेडच्या तोंडाशीच तो पडदा दिसला. काळ्यावर हिरवे, वीतभर उंच आकडे. जवळ जाऊन बघितलं तर एकेक आकडा बारक्या बारक्या चिन्हांनी भरलेला, दारात रांगोळीचे ठिपके घालावेत तसा. अकरा बेचाळीस. मी मनगट वळवलं. अकरा बावन्न.

दहा मिनिटं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चोर सापडला होता.

मी तोंडावर काही दाखवलं नाही. "छान आहे गं," मी म्हटलं. "कुठून आणलंस?"

"शोधून काढला, काकी." तिला सांगायची हौसच. "ह्या डब्यात साधी घड्याळं चालत नाय ना, चित्रवाली. मंग नुसत्या अक्षरांची शोधली नेटवर. तीन मिळाली. एक कोपऱ्यात दिसायचं, मुंगीएवढं. एक गोल होतं, काटे-बिटे असलेलं, पन ठिपक्यांचं ना, चेपलेल्या भाकरीसारखं दिसायचं. मंग हा मिळाला. खलाश्यांना बोटीवरूनच दिसतो."

"आणि वेळ कोण लावतं ह्याच्यात? तूच?"

"मी नाय. तो नेटवरून घेतो आपोआप."

नेटवरून. नेटवर कोण काय टाकतं ते मला शिकवायला नको. मी मान हलवली आणि ती डबा खायला पाण्याच्या टाकीकडे जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

ती गेल्यावर मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. मी तिचा ड्रॉवर उघडला. त्याआधी कीबोर्डवरचं एक बटण दाबून बघितलं, घड्याळाच्या पोटात काय लपवलंय ते दिसेल म्हणून. तर अख्खं घड्याळच गेलं. काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. ही परत आली तर काय सांगू? ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बुकाखाली एक कागद सापडला. त्यावर इंग्रजीत तीन ओळी आणि प्रत्येकीपुढे शेरा: लहान, गोल, मोठं.

मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली बाई आहे. बघून बघून पहिली ओळ मारली. कोपऱ्यात मुंगीएवढी वेळ उगवली. ती घालवली. दुसरी मारली, ती चेपलेली भाकरी आली, तिच्यात चांदण्यांचा एक काटा टिकटिक सरकत होता. तीही घालवली. तिसरी मारली आणि हिरवे मोठे आकडे परत आले. तीन घड्याळं फिरवून बघितली आणि तिन्ही माझ्यापेक्षा दहा मिनिटं मागे. म्हणजे पोरीनं नुसतं एकाला नाही, मुळालाच हात घातला होता.

आणि कागदाच्या खाली, पेननं दोनदा गिरवलेलं: +५:३०.

मी तो आकडा बघतच राहिले. अधिक पाच तीस. साडेपाच तासांचा फेरफार. आधी घड्याळ साडेपाच तास इकडचं तिकडे करायचं आणि मग जुळवताना भावासाठी दहा मिनिटं हळूच मागे सोडायची, कुणाच्या बापाला कळणार? मी कागदाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. दीपिका हात पुसत आली. "बसा ना काकी, ताक देते," म्हणाली. मी ताक प्याले. तिचंच ताक पिऊन तिच्याच नोकरीवर उठले होते, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. तिची जाणार नाही तर माझी जाईल, असं ते सरळ होतं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचं नाव नरहरी, एकदाच घेते, परत घेणार नाही. तारापूरच्या एका कंपनीत फिटर होते, आता घरामागच्या वाडीत असतात. दम्यामुळे फार चालवत नाही. एरवी माझं ऐकताना मधूनमधून हूं हूं करतात, त्या दिवशी तेही नाही.

"त्या पोरीचं नाव कमिटीत घेणार तू?" त्यांनी विचारलं.

"घेणार म्हणजे? पुरावा आहे माझ्याकडे."

"थोडं थांब. नीट बघ आधी."

"काय बघायचं राहिलंय? माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे नाहीये, तिचं मागे आहे."

ते उठून वाडीत गेले. मला वाटलं, पुरुषांना हे असलं भांडण नको असतं.

शनिवारची कमिटी अडीचला होती. आमच्याकडे कमिटी नेहमी ओहोटीलाच बसते, नाहीतर नाखवे येणार कुठून. चेअरमन होते, कमिटीची माणसं होती, देवू नाखवा होता, दारात नीलेश हाताची घडी घालून उभा. दीपिकालाही बोलावून घेतलं होतं. मीच सांगितलं होतं, की विषय जेट्टीवरच घ्या, कॉम्प्युटरसमोर. सगळे शेडमध्ये दाटीवाटीनं उभे राहिले.

मी आधी कागद काढला. "हा दीपिकाच्या ड्रॉवरमधला. हे काय आहे विचारा तिला. साडेपाच तास कशाला वाढवलेत?"

दीपिकाचा चेहरा उतरला. आकड्यामुळे नाही, मी ड्रॉवर उघडला होता म्हणून. ते मला नंतर कळलं. "काकी, कॉम्प्युटर आतून लंडनची वेळ धरतो," ती हळू आवाजात म्हणाली. "आपली त्याच्या साडेपाच तास पुढं. ते सांगायला लागतं त्याला. भारतातल्या सगळ्या कॉम्प्युटरात तेच हाय."

कुणीतरी हसलं. मी चेअरमनकडे बघितलं, ते मान डोलवत होते. बरं, तो वार फुकट गेला. पण माझा हुकमाचा एक्का मनगटावर होता.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," मी म्हटलं आणि हात पडद्याला लावला. "इथे दोन चाळीस. माझ्या घड्याळात दोन पन्नास. बघा सगळ्यांनी."

सगळ्यांनी बघितलं. मग एकानं खिशातून मोबाइल काढला. मग दुसऱ्यानं. दोन चाळीस, दोन चाळीस, दोन एक्केचाळीस.

"मोबाइल काय दाखवता?" मी म्हटलं. "तुमचे मोबाइल नेटवर, हे खोकं नेटवर, सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात."

ते बोलणं काहींना पटलंही असावं. तेव्हा देवू नाखवा पुढे आला. तक्रार त्याची, धक्का माझा, म्हणजे तसा तो माझ्या बाजूचा. त्यानं आपल्या खलाशाला बोटीवर पाठवलं. तो मांड्यांपर्यंत चिखल तुडवत गेला आणि बोटीवरचा जीपीएस काढून घेऊन आला.

"ताई, हा नेटवर चालत नाय," देवू नाखवा म्हणाला. "हा वरून उपग्रहाकडनं वेळ घेतो. शंभर मैल आत गेल्यावर आमी ह्याच्यावरच जीव ठेवतो. ह्याला कोन फिरवनार?"

त्यानं बटण दाबलं आणि यंत्र पडद्याशेजारी धरलं. दोन पंचावन्न. पडद्यावर दोन पंचावन्न. माझ्या मनगटावर तीन पाच.

मी पर्समधून माझा साधा बटणांचा फोन काढला. मला वाटलं, निदान हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो बोलला. तीन पाच. सगळ्या शेडमध्ये माझ्या दोनच वस्तू वेगळं बोलत होत्या आणि दोन्ही एकसारखं बोलत होत्या. आपलंच नाणं खोटं निघालं की माणूस कुठे बघतो? मी चिखलाकडे बघत उभी राहिले.

"म्हणजे धक्क्याच्या सगळ्या बोटी रोज दहा मिनिटं मागं," नीलेश दारातून म्हणाला. "आन् नाव माज्या बहिनीचं घेता."

चेअरमननी त्याला गप्प केलं. मला म्हणाले, "ताई, घरी जा. सोमवारी लेखी द्या, हे कसं झालं ते." आवाजात राग नव्हता, पण रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रिक्षात मी मनगट आणि फोन आलटून पालटून बघत होते. घड्याळाचा सेल कुणी बदलून आणला? हेच बोईसरला घेऊन गेले होते, श्रावण संपता संपता. मी रोज त्याला घरच्या भिंतीशी लावून बघत होते आणि ते रोज बरोबर येत होतं. फोनला रिचार्ज मारायला कोण घेऊन गेलं होतं? तेही हेच. पुंजाराम समोरच्या आरशातून माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "तू टायमावरच येतोस रे बाबा." त्याला काही कळलं नसणार.

हे वाडीत बसून झाडूसाठी झावळीचे हीर काढत होते. मी समोर उभी राहिले.

"अहो, माझ्या घड्याळात तुम्ही काय केलंत?"

हातातली सुरी थांबली. "दहा मिनिटं," ते म्हणाले.

"आणि भिंतीवरचं?"

"ते आधी केलं. नाहीतर तू जुळवून बघितलं असतंस."

"आणि फोन?"

"त्यालाच सगळ्यात त्रास झाला. एक सेटिंग बंद करावी लागते. बोईसरच्या दुकानातल्या पोराला विचारलं."

ते हीर गोळा करत म्हणाले, "तू पडलीस त्या दिवशी मी पायरीवरून बघत होतो. रिक्षा दिसली आणि तू पळालीस. मी हाक मारली, तुला ऐकू गेली नाही. मला धावता येत नाही. तू रस्त्यात पडलेली आणि मी पायरीवर. त्यानंतर तुला किती वेळा सांगितलं, दहा मिनिटं आधी निघ म्हणून?"

"पुष्कळदा."

"तू काय म्हणालीस?"

मी म्हटलं होतं, मला घड्याळ शिकवू नका.

"मला वाटलं, दोन दिवसांत पकडशील तू," ते म्हणाले. "तू पुंजारामवर संशय घेतलास, बातम्यावाल्यांवर घेतलास, त्या पोरीवर घेतलास. रोज मला वाटायचं, आज माझी पाळी. बुधवारी सांगणार होतो, पण तोंडच उघडेना. तू माझ्यावर कसा नाही घेतलास?"

तेहेतीस वर्षांच्या संसारात तो विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. मला त्यांचा इतका राग आला होता की ते हीर फेकून द्यावेत, आणि त्याच वेळी पायरीवर उभं राहून हाका मारणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. मी तिथेच झावळ्यांवर बसले आणि रडले.

"सोमवारी मी येतो," ते म्हणाले. "कमिटीपुढे सांगतो, माझी चूक आहे. तुझं नाव साफ होईल."

होईलच, ते खरं होतं. एकतीस वर्षं तशीच्या तशी परत मिळतील. पण मी आमच्या लोकांना ओळखते. बायकोचं घड्याळ चोरून फिरवणारा माणूस म्हणून सोमवारी दांडीत हसतील, मंगळवारी सातपाटीपर्यंत पोचेल, आणि हे दम खात मासळी आणायला गेले की प्रत्येक कोळीण विचारेल, 'शेट, वाजले किती?'. पुढची दहा वर्षं. त्यांना ते सोसायचं नाही.

आत येऊन ते स्टुलावर चढले, भिंतीवरचं घड्याळ बरोबर करायला. मी त्यांना खाली उतरवलं. "राहू द्या ते," मी म्हटलं.

सोमवारी मी अर्ज दिला. चेअरमननी तो मोठ्यानं वाचला. 'गुडघ्याच्या दुखण्यामुळे रिक्षा चुकू नये म्हणून घड्याळ मी स्वतः दहा मिनिटं पुढे केलं होतं. कामाच्या वेळी ते ध्यानात राहिलं नाही. दीपिकावर घेतलेला आळ खोटा होता, त्याबद्दल मी तिची माफी मागते.' माझ्या हातचं ते पहिलं खोटं. खाली सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं.

"म्हंजे ताई पन घड्याल पुढं ठेवते," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही तेच बोलत आले होते ना सगळ्यांना, एकतीस वर्षं. देवू नाखवा मात्र हसला नाही. "वयानं व्हतं असं," म्हणाला. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. चिठ्ठीबुक मी टेबलावर ठेवलं. ठरलं असं की धक्का काय नि जेट्टी काय, ह्यापुढे सगळ्या चिठ्ठ्या दीपिकाच्या पडद्यावरच्या वेळेनं, दीपिकाच्या हातच्या. मी आठ महिने तिच्या शेजारी बसून बोटींची नावं रजिस्टरला उतरवायची.

मंगळवारी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझ्यासाठी स्टुलावर उशी ठेवली होती. मी रजिस्टर उघडून नावं उतरवायला घेतली.

"काकी," ती एकदम म्हणाली, "फोनमधली वेळ पन तुमीच पुढं केली?"

"हो."

"कुठल्या सेटिंगमधून?"

मी पडद्याकडे बघत राहिले. मला फोन उचलता येतो आणि ठेवता येतो, एवढंच. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि भरतीच्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून परत आले तर पडद्यावर दोन घड्याळं होती. वर ते हिरवे मोठे आकडे. खाली एक बारकं, पिवळ्या ठिपक्यांचं. मी चष्मा लावला. खालचं वरच्यापेक्षा पुढे होतं, मोजून दहा मिनिटं.

"वरचा बोटींचा," दीपिका म्हणाली. "खालचा तुमचा. पुंजारामची रिक्षा सव्वापाचला येते ना? खालच्यात सव्वापाच झाले की निघायचं. पलायचं नाय."

"कुणी सांगितलं गं तुला हे करायला?"

"कुनी नाय," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या कापत राहिली.

मी एरवी असली गोष्ट ऐकून घेतली नसती. संध्याकाळी वरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली, खालच्यात सव्वापाच. मी रजिस्टर मिटलं, पर्स उचलली आणि खालच्या घड्याळाप्रमाणे निघाले.